सगळं ग्रँड आहे

दातांच्या डॉक्टरकडून आट्रॅक्टा गिलहूली घरी परतली तेव्हा तिचा डावा जबडा बधिर होता आणि तिच्या घराची पुढची भिंत उकडलेल्या हॅमच्या गुलाबट रंगाची झाली होती. सकाळी ती बस पकडायला निघाली तेव्हा भिंत खरवडून, धुऊन तयार होती आणि दारात सायीच्या रंगाचे डबे रचलेले होते. निदान डब्यांवर तसं छापलेलं होतं. आता शिडीच्या वरच्या पायरीवर रंगारी मॅलाकी डर्कन उभा होता. तिची चाहूल लागताच त्याच्या हातातला रोलर थांबला. तो वळला मात्र नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच त्याने विचारलं,

"काय मग आट्रॅक्टा, कसं वाटतंय?"

आट्रॅक्टाने एक छोटा श्वास आत घेतला.

"ग्रँड," ती म्हणाली.

"ग्रँड," मॅलाकी म्हणाला, आणि रोलर पुन्हा फिरू लागला.

जबडा बधिर होता म्हणून आपल्याला अधिक काही बोलता आलं नाही, अशी तिने नंतर स्वतःची समजूत घातली. ती खरी नव्हती. 'ग्रँड' म्हणायला जेवढा जबडा लागतो, त्याहून कमी जबड्यात 'नाही' बसतं.

या शब्दाचा अर्थ शब्दकोशात भव्य, दिमाखदार असा दिलेला आहे. क्लूनारा गावात त्या अर्थाने तो कोणी वापरल्याचं ऐकिवात नाही. पाय मोडलेला माणूस इथे ग्रँड असतो. चहा नको असेल तर 'ग्रँड' म्हणतात, आणि हवा असेल तरी तेच म्हणतात. भांडण संपवताना म्हणतात, आणि ते कधीच संपणार नाही असं सुचवतानाही म्हणतात. नवरा गेला त्या आठवड्यात आट्रॅक्टा ग्रँड होती, आणि चर्चच्या सोडतीत टोस्टर लागला तेव्हाही तेवढीच ग्रँड होती. ताप असो नसो, एकच आकडा दाखवणारा तापमापक कुठल्याही दवाखान्यात कोणी ठेवून घेणार नाही. क्लूनाराने मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला आणि त्याला सभ्यता असं नाव दिलं.

बरं, यात कोणाची फसवणूक होते असंही नाही. शब्दाच्या आधी घेतलेला श्वास, शेवटी आवाज वर गेला की खाली, नजर कुठे होती, यावरून ऐकणाऱ्याला खरं काय ते अचूक कळतं. आट्रॅक्टाच्या त्या ग्रँडचा अर्थ 'सत्यानाश' असा होता, हे मॅलाकीला कळलं. त्याला ते कळलंय, हे तिलाही कळलं. पण कळल्याचं दाखवता येत नाही. शब्द एकदा तोंडातून गेला की दोघांनीही तो खरा धरून वागायचं असतं. क्लूनाराची सगळी मूर्खता या एका नियमात साठवलेली आहे.

आणि भिंत साधीसुधी नव्हती. या महिन्याच्या शेवटी आट्रॅक्टाकडे स्टेशन होतं. प्रत्येक आळीत वर्षातून एकदा फादर कोणाच्या तरी घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सेची प्रार्थना होते, आणि नंतर सगळी आळी त्याच टेबलावर नाश्ता करते. त्यालाच स्टेशन म्हणतात. पाळी फिरत फिरत एका घराकडे पुष्कळ वर्षांनी येते, आणि आली की घर रंगवायचं असतं. देवासाठी रंगवतात म्हणे. देवाने आजवर कोणाच्या खिडकीवर बोट फिरवून धूळ पाहिलेली नाही. समोर राहणाऱ्या डिम्फना हेशनने पाहिलेली आहे. डिम्फना गावसुशोभन समितीची अध्यक्ष. गेल्या खेपेला आट्रॅक्टाकडे स्टेशन झालं तेव्हा तिने बोट पाहून रुमालाला पुसलं होतं आणि म्हटलं होतं, "छे छे, ग्रँड आहे." ते बोट आट्रॅक्टा विसरली नव्हती. या वेळी त्या बाईला ठेवायला नाव सापडू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने हिवाळाभर रंगांचे नमुने खिडकीत लावून पाहिले होते आणि शेवटी साय निवडली होती.

संध्याकाळी तिने मुलीला फोन केला. ग्रॉन्या लग्न करून हॉलंडला, उट्रेक्टमध्ये राहत होती.

"कसला रंग म्हणालीस?"

"हॅमचा."

"कच्च्या की उकडलेल्या?"

"उकडलेल्या. आणि कडेने जरा वाळलेल्या."

"मग सांग की त्याला! भिंत तुझी आहे ना?"

"आता कसं सांगू? मी ग्रँड म्हणून बसले."

"मग उद्या जाऊन म्हण, ग्रँड नाहीये."

आट्रॅक्टाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ग्रॉन्या," आट्रॅक्टा म्हणाली, "त्या माणसाने तुझ्या बाबांना खांदा दिलाय."

"म्हणून काय त्याने घराला हॅम फासायचं?"

"तिकडे राहून तुझी जीभ फार धारदार झालीय हं." मग जरा थांबून तिने विचारलं, "योस्ट येतोय ना गं स्टेशनला?"

"येतोय की. का?"

"काही नाही. ग्रँड."

योस्ट म्हणजे जावई. पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासूने केलेलं सूप चाखून त्याने सांगितलं होतं, की यात पाणी जास्त झालंय आणि बटाटे कच्चे आहेत. वाईट हेतूने नव्हे, बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं तसं. आट्रॅक्टाला ते सूप पुढे कित्येक महिने घशात अडकल्यासारखं वाटत होतं. आता तोच जावई तिला देवदूतासारखा दिसू लागला. परक्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, पण त्याप्रमाणे वागायला हरकत नसते. योस्ट येईल, रस्त्यात उभा राहून सर्वांसमोर म्हणेल की हा रंग घाणेरडा आहे. मॅलाकी म्हणेल, पाहुण्यांना आवडला नाही तर बदलू या. कोणाचाच शब्द खाली पडणार नाही. फक्त हे सगळं योस्टला आधी सांगून ठेवणं शक्य नव्हतं. दुसऱ्याला उद्धटपणा कर असं सांगणं हाही उद्धटपणाच. तेव्हा तिने ते त्याच्या स्वभावावर सोडलं.

दरम्यान शेजारचा कोलमन फीरिक कुत्र्याला घेऊन बाहेर पडला. दूध डेअरीचा निवृत्त मॅनेजर, मऊ स्वभावाचा माणूस. त्याने भिंत पाहिली, दारात उभ्या असलेल्या आट्रॅक्टाचा चेहरा पाहिला, शिडीवरच्या मॅलाकीची पाठ पाहिली, आणि त्याला दोघांचीही दया आली. क्लूनारात सगळ्या आपत्ती दयेपासून सुरू होतात.

"ग्रँड काम केलंस, मॅलाकी," तो म्हणाला. आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाला, "अगदी ग्रँड!"

पहिला ग्रँड पुरेसा होता. दुसऱ्याची कोणालाच गरज नव्हती. पण असा जोडीने आलेला ग्रँड म्हणजे कौतुक, आणि कौतुकाची परतफेड करावी लागते. मॅलाकी नाइलाजाने वळला.

"आवडला तुम्हाला?"

"म्हणजे काय!"

"थोडा रंग उरणार आहे. तुमची रस्त्याकडची भिंत मारून देऊ का?"

"छे रे, माझी भिंत ग्रँड आहे."

"त्रास कसला त्यात. शिडी लावलेलीच आहे."

"नको, मॅलाकी. खरंच नको."

"अहो, असं काय करता कोलमन?"

पहिला नकार ही रीत असते. दुसऱ्यात मनातलं सांगायची सोय असते. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर तो समोरच्याच्या हाताचा, अवजाराचा आणि घराण्याचा अपमान ठरतो. मॅलाकीलाही तिसऱ्यांदा विचारायचं नव्हतं, पण दोनदाच विचारून थांबलं तर मनातून विचारलं नव्हतं असा अर्थ होतो. दोघेही एकमेकांकडे केविलवाण्या नजरेने पाहत राहिले.

"बरं," कोलमन म्हणाला. "ग्रँड."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आणि आट्रॅक्टा कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून आपापली घरं पाहत होते.

"उबदार रंग आहे," कोलमन म्हणाला.

"हो ना. उबदार."

"ऊन उतरलं की जरा जास्तच उबदार होतो."

"तुला मोहरी देऊ का थोडी?" आट्रॅक्टाने विचारलं. मग मोहरीची चटणी हॅमला लावतात हे लक्षात येऊन दोघांनाही कसंतरीच झालं आणि ती भाजी पाहायला आत गेली.

समोरच्या खिडकीतून डिम्फना हेशनने एका घराची दोन झालेली पाहिली आणि तिला काय ते समजलं. म्हणजे चुकीचंच समजलं, पण ठामपणे. एकाचं घर हॅमच्या रंगाचं झालं तर तो अपघात. दोघांचं झालं तर बेत. ती सरळ आट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात आली.

"मला कोणी काही बोललं नाही ते."

"कशाबद्दल गं?"

"भिंतींबद्दल. तू आणि कोलमननं मिळून ठरवलंत. समितीची अध्यक्ष कोण, तर मी. आणि मला कळतं कुठून, तर खिडकीतून!"

"ठरवलं कुठे? ते आपलं सहज..."

आट्रॅक्टा थांबली. मागच्या पायरीवर, उघड्या दाराबाहेर, मॅलाकी चहा पीत बसला होता. ही चूक आहे, एवढं एक वाक्य बोललं असतं तर डिम्फना खूश होऊन घरी गेली असती आणि कथा इथेच संपली असती. पण ते वाक्य मॅलाकीच्या कानावरून गेलं असतं. तेव्हा आट्रॅक्टाने गावासमोर कटकारस्थानी ठरणं पत्करलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंडही स्वतःच दाबलेलं.

"सहज!" डिम्फना म्हणाली. "ग्रँड. फारच ग्रँड." या ग्रँडला दात होते. ती मागच्या दाराने बाहेर पडली. "मॅलाकी, इथलं आटपलं की माझ्याकडे यायचं. हाच रंग. पुढून, मागून आणि गॅरेजसुद्धा."

मॅलाकीने कप पायरीवर ठेवला.

"तुमचा निळा अजून चांगला आहे की, डिम्फना."

"का? त्यांना शोभतो आणि मला शोभणार नाही?"

डिम्फनाला हा रंग बघवत नव्हता. पण हॅमच्या रंगाच्या घरात राहण्यापेक्षा वगळलं जाणं तिला जास्त वाईट वाटलं. आणि अध्यक्षबाईंनीच रंग घेतल्यावर रस्त्यावरच्या उरलेल्या घरांना निवड राहिली नाही. पांढरं राहिलेलं घर आता पांढरं दिसत नव्हतं, कोणाशी तरी वैर असल्यासारखं दिसत होतं.

रंग कमी पडला. मॅलाकी हार्डवेअरच्या दुकानात गेला तेव्हा दुकानदार त्याला पाहताच काउंटरमागून हात जोडतच बाहेर आला.

"मॅलाकी, माफ कर बाबा. मशीनच्या नळ्या उलट लागल्या होत्या. ते डबे घेऊन ये, सगळे बदलून देतो."

"आणखी हवेत," मॅलाकी खालमानेने म्हणाला.

"साय ना?"

"नाही. तोच."

दुकानदार मशीनकडे वळला आणि कामाला लागला. योग्य रंग बनवायला मशीनला एक क्षण लागतो. तीच चूक हुबेहूब पुन्हा करायला त्याची अख्खी दुपार गेली. नळ्या कशा उलटल्या होत्या हे आठवून आठवून त्याने त्या मुद्दाम तशा लावल्या, तेव्हा कुठे तो रंग पुन्हा उतरला. एकदा झालेली चूक ही चूकच असते. ती मागणीनुसार हवी तेवढी बनवता आली, की तिला उत्पादन म्हणतात.

कोणी असं समजू नये की मॅलाकीला डोळे नव्हते. पहिला डबा उघडताच त्याला कळलं होतं. पण घरात कोणी नव्हतं, भिंत वाळलेली होती, पाऊस येईल असं वाटत होतं. त्याने विचार केला, थोडंसं मारून पाहू, आट्रॅक्टा आली की ओरडेल, मग धुऊन टाकू. तो दिवसभर तिच्या ओरडण्याची वाट पाहत मारत राहिला. आणि ती येऊन ग्रँड म्हणाली. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली होती. रस्त्याच्या शेवटच्या घराला हात घालायच्या आधी तो तिच्याकडे आला आणि टेबलापाशी टोपी काढून बसला. तिने चहा ओतला.

"पहिला डबा उघडला ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, ओला आहे म्हणून असा दिसतोय. वाळल्यावर बदलेल."

"मग? बदलला?"

"बदलला. वाढला."

दोघांनी चहाचा घोट घेतला.

"आट्रॅक्टा, तुमच्या मनात काही असेल तर बोला. मला वाईट वाटणार नाही."

त्याच्या नखांत हॅमचा रंग बसला होता. तोंड धुताना कानामागे राहून गेला होता. तो विनवणी करत होता, एवढं कोणालाही दिसलं असतं. आट्रॅक्टालाही दिसलं. पण एवढ्या दमलेल्या माणसाला आता खरं सांगायचं म्हणजे क्रूरपणा, असं तिला वाटलं.

"छे छे, मनात कसलं काय? ग्रँड आहे."

मॅलाकीने कप खाली ठेवला आणि हळूच टोपी घातली. दोन सज्जन माणसं एकमेकांसमोर बसून, दोघांनाही नको असलेल्या भिंतीचं प्राणपणाने रक्षण करत होती. भीड भिकेची बहीण असते म्हणतात. क्लूनारात ती तिची आई आहे.

स्टेशनचा दिवस उजाडला. ग्रॉन्या आणि योस्ट आदल्या दिवशी अंधार पडल्यावर पोहोचले होते, त्यामुळे योस्टने अजून बाहेरून काही पाहिलं नव्हतं. फादर कडिही वेळेवर आले. टेबलावर मिस्सा झाली, सगळ्यांनी मान खाली घातली, आणि डिम्फनाने मान खाली घालूनच खिडकीच्या कडा तपासल्या. मग नाश्ता आला. ऊन पडलं होतं, तेव्हा सगळे बशा घेऊन बाहेर रस्त्यावर आले. बशांत ब्रेड, अंडी आणि हॅम होतं. आट्रॅक्टाने हॅम टाळण्याचा विचार केला होता, पण हॅमशिवाय स्टेशन झालं असतं तर लोकांनी कारण शोधलं असतं.

योस्ट कुंपणाबाहेर आला आणि थांबला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पार वळणापर्यंत, हॅम उभं होतं.

कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तरी बोलणी थांबली. कोलमन एक पाऊल बाजूला झाला, म्हणजे योस्टला त्याची भिंत नीट दिसावी. डिम्फनाने गॅरेजसमोर उभी असलेली आपली गाडी आधीच हलवून ठेवली होती. एकट्या आट्रॅक्टाने जी आशा धरली होती, ती प्रत्येकाने गुपचूप, आपापल्या घरात बसून धरली होती, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"मग योस्ट," ती जपून म्हणाली, "कसा काय वाटतो रंग?"

"अगदी मोकळेपणाने सांग हं," कोलमन म्हणाला.

"तुमच्याकडे म्हणे लोक तोंडावर बोलतात," डिम्फना म्हणाली. "चांगली सवय आहे. आम्हाला नाही हो जमत."

"काहीही म्हणा," मॅलाकी म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "माझा विचार करू नका."

योस्टने भिंतीकडे पाहिलं. बशीकडे पाहिलं. पुन्हा भिंतीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी उमटू लागली, आणि ती जसजशी खोल गेली तसतसे आळीचे चेहरे उजळत गेले. मग त्याची नजर बायकोकडे गेली. ग्रॉन्याने बारीकशी मान हलवली. प्रवासभर तिने त्याची तयारी करून घेतली होती. सूपची पुनरावृत्ती नको म्हणून. श्वास केव्हा घ्यायचा, आवाज कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची, सगळं.

योस्टने एक छोटा श्वास आत घेतला.

"ग्रँड," तो म्हणाला.

उच्चार निर्दोष होता. गावात जन्मलेल्या माणसालाही यात काही खोट काढता आली नसती. मॅलाकीने डोळे मिटून घेतले.

"शाब्बास!" फादर कडिही म्हणाले. "आता हा खरा आपला झाला." सगळ्यांनी योस्टची पाठ थोपटली, आणि प्रत्येकाने गरजेपेक्षा जरा जोरातच थोपटली.

तेव्हा आट्रॅक्टाने बशी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली.

"हा रंग भयंकर आहे," ती म्हणाली.

चमचे थांबले.

"घाणेरडा आहे. मला साय हवी होती. माझं घर खाटकाच्या काउंटरसारखं दिसतंय. मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झालंय. दार उघडताना मी खाली बघते."

क्लूनारात एवढं स्पष्ट वाक्य याआधी कोणी बोललं असेल तर ते दारूच्या नशेत. आट्रॅक्टाला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. मॅलाकीचं तोंड उघडं राहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर, कित्येक दिवसांनी, सुटकेचा उजेड पसरू लागला.

"असं काय बोलतेस, आट्रॅक्टा!" डिम्फना म्हणाली.

"स्वतःच्या घराला कोणी नावं ठेवतं का?" कोलमन म्हणाला. "फादर, ही पहिल्यापासून अशीच. मागे नाताळात म्हणाली, केक करपलाय. केक ग्रँड होता."

"मी खरं बोलतेय, कोलमन."

"हो हो. केकच्या वेळीही असंच म्हणालीस."

स्टेशनच्या दिवशी यजमानीणबाई आपल्या घराला नावं ठेवतात, ही जुनी रीत आहे. घराची दशा बघू नका, पडदे जुनेत, पाव कडक झालाय, असं म्हणायचं असतं, आणि पाहुण्यांनी ते एकमुखाने खोडून काढायचं असतं. आट्रॅक्टा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलली, पण त्यासाठी तिने नेमका तो दिवस निवडला ज्या दिवशी यजमानीणबाईचं कोणीच खरं मानत नाही. आणि एकदा रीत सुरू झाली की कोणाला मागे राहता येत नाही. जे आठवडाभर त्या भिंतीकडे पाठ करून चालत होते, ते आता तिच्या रंगाचे गुण सांगू लागले. मळ दिसत नाही. धुक्यात घर लांबून ओळखू येतं. थंडीत तर आधारच वाटतो.

"मी मनापासून सांगतेय! मला आवडत नाही!"

"नम्रता हा फार मोठा गुण आहे," फादर कडिही म्हणाले, आणि ब्रेडचा तुकडा हातात धरून त्यावर थोडं बोलले.

मॅलाकीच्या चेहऱ्यावरचा उजेड घुटमळला. आयुष्यभर त्याच्या कामाबद्दल लोक एकच शब्द बोलत आले होते. आज सबंध आळी त्याच्या भिंतीसाठी भांडत होती, वाक्यावर वाक्यं बोलत होती, एकाहून एक नवी विशेषणं काढत होती. खोटं आहे हे त्यालाही माहीत होतं. पण खोटं कौतुक कानाला खऱ्याइतकंच गोड लागतं, आणि मॅलाकीला खऱ्याची सवय नव्हती. त्याचा ऊर भरून आला.

"आट्रॅक्टा, तुमचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "एकाच हातात रंग उठत नाही. पातळ लागलाय म्हणून तुम्हाला तसं वाटतं. दुसरा हात देतो. आत्ता. माझ्यातर्फे, स्टेशनची भेट."

"वा!" आळी म्हणाली.

कोलमन डबा आणायला धावला. डिम्फनाने उन्हाची दिशा पाहून कुठून सुरुवात करावी ते सांगितलं. फादरांनी बशी ठेवून शिडी धरली.

"काय मग, आता तर समाधान झालं ना?" त्यांनी आट्रॅक्टाला मोठ्याने विचारलं.

आट्रॅक्टाने श्वास घेतला नाही. सोडलाही नाही. तिची नजर कोणावरच नव्हती, आणि आवाज वरही गेला नाही की खालीही.

"ग्रँड," ती म्हणाली.

योस्ट हळूच बायकोच्या कानाशी वाकला.

"हा कुठला?"

ग्रॉन्याने आईच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हा नवीन आहे," ती म्हणाली.